पोरांचे पैसे, पोरांचे करार अन् खान्देशातली मॅच: ई-स्पोर्ट्सवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
भारतात ई-स्पोर्ट्सच्या (म्हणजे व्हिडिओ गेमच्या) स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्या, गेमचे पब्लिशर, टीमचे मालक, अन् आपल्या राज्याचा क्रीडा विभाग

नमस्कार.

मी अमळनेरची. दिवसा एका टॅक्स कन्सल्टंटच्या ऑफिसात रिटर्न भरायचं काम करते अन् संध्याकाळनंतर एका बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, पबजीचं भारतातलं रूप, मोबाईलवरचा बंदुकांचा गेम) टीमचं मॅनेजमेंट बघते. मॅनेजमेंट म्हणजे फॉर्म भरणं, रोस्टर (खेळाडूंची यादी) लॉक व्हायच्या आधी सगळ्यांचे आधार कार्ड अन् कॅरेक्टर आयडी गोळा करणं, डिस्कॉर्डवर (गेमवाल्यांचं चॅट अ‍ॅप) रात्री दीड वाजता आयोजकाच्या माणसाला मेसेज टाकून उत्तराची वाट बघणं, अन् पोरांच्या आईवडलांचे फोन उचलणं. टीमचा आयजीएल माझा धाकटा भाऊ आहे, म्हणजे मॅचमध्ये कुठं उतरायचं, झोनमध्ये कधी घुसायचं, कोणती गाडी कुठं लपवायची हे तो ठरवतो. बाकी एक पारोळ्याचा, एक धुळ्याचा, एक शहाद्याकडचा. चौघंही एकमेकांना आवाजानं आधी ओळखायला लागले अन् चेहऱ्यानं नंतर.

आता पत्राचं कारण. एका आयोजकानं यावर्षी मोठं पोस्टर टाकलं की उत्तर महाराष्ट्राचं क्वालिफायर, म्हणजे पात्रता फेरी, ऑफलाइन (सगळ्यांनी एका हॉलमध्ये बसून) होणार अन् ते जळगावला होणार. आमच्याकडे त्या पोस्टरचं काय झालं ते तुम्हाला तिथं बसून कळणार नाही. भुसावळ, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर, नवापूर, कुठकुठच्या टीम जाग्या झाल्या, ज्या पोरांनी खेळणं सोडून दुकानात बसायला सुरुवात केली होती ते परत आले, आमच्या असॉल्टरचे (पुढं होऊन हल्ला करणाऱ्या खेळाडूचे) वडील पहिल्यांदा म्हणाले की जळगावलाच आहे ना, मग मी येतो बघायला. अन् मॅच तोंडावर आलेली असताना डिस्कॉर्डवर दोन ओळी पडल्या की हे क्वालिफायर पुण्याच्या क्वालिफायरमध्ये मर्ज केलंय, येण्याजाण्याचा अन् राहण्याचा खर्च टीमनं बघायचा. कारण काय तर इथं व्हेन्यू जमत नाही. कोणाला विचारलं, कोणता हॉल बघितला, काही नाही. विचारलं तर चॅनल लॉक केलं.

एवढ्यावरून एवढं मोठं पत्र का, तर हे एवढंच नाहीये. ह्या एका निर्णयात तुमची सगळी वागणूक दिसते, म्हणून लिहायला बसले.

ह्या खेळाचा पसारा केवढा वाढलाय ते आम्हाला माहीत आहे, आम्ही रोज त्याच्यातच असतो. २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये ई-स्पोर्ट्स नुसतं प्रदर्शनापुरतं होतं, तिथं तीर्थ मेहतानं हार्थस्टोन ह्या पत्त्यांच्या गेममध्ये कांस्य आणलं. तो भुजचा आहे, मुंबईचा नाही, बंगलोरचा नाही. पुढच्या एशियन गेम्सला, हांगझोऊला, २०२३ मध्ये हाच खेळ खऱ्या पदकाचा झाला, अन् २०२६ च्या आयची-नागोयाच्या यादीतही तो आहे. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ ई-स्पोर्ट्स चॅम्पियनशिपमध्ये डोटा टू ह्या गेमच्या आपल्या टीमनं कांस्य घेतलं. २०२५ ला रियाधच्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपची बक्षिसं ७ कोटी डॉलरच्या वर गेली अन् तिथं चक्क बुद्धिबळही होतं, मॅग्नस कार्लसन जिंकला, आपला अर्जुन एरिगैसी सेमीफायनलपर्यंत गेला. आपल्या इथं बीजीआयएसचं, म्हणजे बीजीएमआयच्या देशपातळीवरच्या स्पर्धेचं, बक्षीस २०२१ ला १ कोटी होतं, २०२३ ला २ कोटी झालं. २०२२ ला तर बीजीएमआयच्या मॅच स्टार स्पोर्ट्सवर लागल्या. त्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या एका काकांनी क्रिकेट समजून टीव्ही लावला अन् मग अर्धा तास बघतच बसले, की हे पोरगं कोणाचं, हा लपलाय कुठं, हा मारत का नाही.

पण हे सगळं उभं राहिलं कोणाच्या जिवावर? प्रेझेंटेशनमध्ये तुम्ही गुंतवणूकदारांना सांगता की छोट्या शहरांत ग्रोथ आहे, टियर टू टियर थ्री, एवढे कोटी डाउनलोड, एवढे व्ह्यूज. ते छोटं शहर म्हणजे आम्ही. व्ह्यूज मोजायची वेळ आली की आम्ही भारत असतो, अन् मॅचची जागा ठरवायची वेळ आली की आमच्याकडे व्हेन्यू जमत नाही. २०२४ ची बीजीआयएस फायनल हैदराबादला झाली, २०२५ ची कोलकात्याला, चांगलं झालं, फायनल मोठ्या शहरात घ्या, आमची तक्रार नाही. पण क्वालिफायरसुद्धा आमच्या तीन जिल्ह्यांत होऊ नये का? जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून अख्खा खान्देश आहे. इथं हजार माणसं बसतील अशी मंगल कार्यालयं तालुक्यातालुक्याला आहेत, एसी आहे, जनरेटर आहे, इंजिनिअरिंग कॉलेजांचे हॉल आहेत, बहिणाबाई चौधरी विद्यापीठाचं आवार आहे. फायबर टाकणारे लोकल केबलवाले दोन लाइनी ओढून देतात, एक बंद पडली तर दुसरी. विचारलं असतं तर आम्ही चार पर्याय त्याच दिवशी पाठवले असते.

आता पैशाचं. हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा नीट लिहिते. मागच्या एका स्पर्धेत आमच्या टीमचा नंबर बक्षिसात आला. पैसे नव्वद दिवसांत येतील असं रूलबुकमध्ये लिहिलेलं, ते नव्वद दिवस कधीचेच उलटले. मेल केला तर फायनान्स टीमकडे आहे, फायनान्सला केला तर ब्रँडकडून आले नाहीत. अहो, ब्रँडकडून तुम्हाला आले नाहीत हा तुमचा अन् ब्रँडचा विषय आहे, पोरांनी मॅच तुमच्या नावावर खेळली. शेवटी अर्धे पैसे आले, त्यातून ३० टक्के टीडीएस कापलेला. कापा, कायदा आहे, पण मग फॉर्म १६ए, म्हणजे कापल्याचं सर्टिफिकेट, द्या ना. सर्टिफिकेट नाही, पोराच्या २६एएस मध्ये (टॅक्स खात्याकडच्या त्याच्या नोंदीत) एंट्री दिसत नाही, म्हणजे कापलेला पैसा गेला कुठं? शहाद्याचं जे पोरगं आहे त्याच्या घरचं उत्पन्न टॅक्सच्या कक्षेतही येत नाही. बाकी उत्पन्नावर त्याला काही लागत नसलं तरी बक्षिसावरचा ३० टक्के सुटत नाही, अन् तो भरल्याचा कागदही त्याच्या हातात नाही. माझ्यासारखी कोणीतरी टीममध्ये आहे म्हणून आम्हाला हे कळलं. ज्या टीममध्ये नुसती सतरा-अठरा वर्षांची पोरंच आहेत त्यांना स्क्रीनशॉट पाठवून गप्प केलं जातं.

करार हा त्याच्याहून वाईट प्रकार आहे. आमच्या असॉल्टरला एका टीम मालकाकडून ऑफर आली, पोरगं तेव्हा १८ चं पूर्ण नव्हतं. इंग्रजीतला लांबलचक पीडीएफ, रात्री पाठवला अन् सकाळपर्यंत सही करून पाठव म्हणाले, नाहीतर दुसरा तयार आहे. मी वाचला. पगार लिहिलेला पण तो स्पॉन्सर मिळाल्यावर चालू होणार. बक्षिसातला मोठा हिस्सा टीमचा. स्ट्रीमिंगचं उत्पन्न टीमचं. सोडून जायचं तर बायआउट, म्हणजे सुटका करून घ्यायला मोजायची रक्कम, अन् त्या बायआउटच्या आकड्यात अमळनेरला छोटं घर येईल. मॅनेजमेंटला वाटेल तेव्हा पोराला बेंचवर बसवता येईल, पण बेंचवर असताना दुसरीकडे खेळता येणार नाही. पालकाच्या सहीची जागाच नाही! १८७२ चा करार कायदा आहे आपल्याकडे, १८ वर्षांखालच्या मुलाबरोबर केलेला करार टिकत नाही हे लॉच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही माहीत असतं, मग तुमच्या लीगल टीमला माहीत नाही? माहीत असतं. समोरच्याला माहीत नसतं, त्याच्या भरवशावर चाललंय सगळं.

दक्षिण कोरियाचं नाव तुम्ही प्रत्येक मुलाखतीत घेता. तिथं २००० सालापासून ई-स्पोर्ट्सची असोसिएशन आहे. तिथंही २०१९ मध्ये एका अल्पवयीन खेळाडूच्या करारावरून मोठा गदारोळ झाला होता अन् त्याच्यानंतर सरकारनं ई-स्पोर्ट्ससाठी स्टँडर्ड करार तयार केले. कोरियाचं स्टेडियम बघून आलात तसं हेही बघून या.

मॅचच्या वेळा अन् नियम कोण बनवतं मला खरंच भेटायचंय त्याला. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बाहेर रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अन् तुमच्या ओपन क्वालिफायरची मॅच दुपारी तीनला. पत्र्याच्या घरात फोन इतका तापतो की फ्रेम ड्रॉप व्हायला लागतात (चित्र अडखळतं), टच अडकतो, मागं कूलिंग फॅन लावून पोरं खेळतात अन् तो फॅनही गरमच हवा फेकतो. गावात लाइट गेली की वायफाय गेलं, टॉवरचाही बॅकअप संपला की मोबाईल डेटाही गेला. अन् तुमचा नियम काय, तर खेळाडू डिस्कनेक्ट झाला तर जबाबदारी त्याची. एका मॅचमध्ये सोळा टीम, चौसष्ट पोरं, पहिल्या नंबरला १० पॉइंट, दुसऱ्याला ६, प्रत्येक फिनिशला (समोरचा एक मारला की) १. एक माणूस दहा मिनिटं बाहेर पडला की अख्खी मॅच गेली अन् कधीकधी अख्खा सीझन. खेळात हरलो तर आम्ही मान्य करतो, पोरं दुसऱ्या दिवशी बसून रेकॉर्डिंग बघतात की रोटेशन (एका जागेवरून दुसरीकडे सरकणं) कुठं चुकलं. डीपी (गावचा लाइटचा ट्रान्सफॉर्मर) जळाली म्हणून हरणं, ह्याच्यात पोरानं शिकायचं काय? अन् हो, आखाजीला (अक्षय तृतीयेला) मॅच ठेवू नका. आमच्याकडे त्या दिवशी पोरगी माहेरी येते, घरात माणसं मावत नाहीत, पोरानं कोणत्या कोपऱ्यात बसून कॉल द्यायचे?

आखाजीवरूनच पुढचा मुद्दा येतो. आमच्याकडे आखाजीला पत्ते खेळायची जुनी रीत आहे, पैसे लावून खेळतात, सगळ्यांना माहीत आहे. अन् तेच लोक आमच्या पोरांना म्हणतात की तुम्ही मोबाईलवर जुगार खेळता. माझी आई भावाला रोज म्हणायची, "दिनभर मोबाईलमाच ऱ्हास, काय मियस तुले त्यामा?" (दिवसभर मोबाईलमध्येच असतोस, काय मिळतं तुला त्यात?) आईला दोष देणार नाही मी, तिला फरक कळायचा कसा, कारण फरक पुसला तो तुम्ही. वर्षानुवर्षं ई-स्पोर्ट्सच्या स्ट्रीमवर, टीमच्या जर्सीवर, मोठ्या स्ट्रीमरच्या व्हिडिओत रमीच्या अन् पैसे लावायच्या अ‍ॅपच्या जाहिराती चालल्या. पोरांनी त्या बघून पैसे घालवले, काहींनी घरच्या कापसाचे घालवले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला तेव्हा कुठं हे वेगळं झालं: पैसे लावायचे गेम बंद, ई-स्पोर्ट्स म्हणजे मान्यता असलेला खेळ. स्पर्धेसाठी एंट्री फी घेता येते, खेळून बक्षीस जिंकता येतं, पैज लावता येत नाही, एवढा साधा फरक आहे. पण हा फरक गावात कोणी सांगितला? मागे आम्ही एका हॉलमध्ये पोरांची छोटी स्पर्धा ठेवली तर हॉलवाल्यानं आदल्या दिवशी नाही म्हटलं, त्याला कोणीतरी सांगितलं की बंदी आलीय, पोलीस येतील. कायद्याचा फायदा तुम्ही घेतला, तो समजावून सांगायचं काम मात्र आमच्यावर टाकलं.

अन् बंदीचं तर विचारूच नका. २ सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाईल गेलं, ११८ अ‍ॅपच्या यादीत. जुलै २०२१ ला बीजीएमआय आलं. २८ जुलै २०२२ ला स्टोअरवरून गायब. २०२३ च्या मे महिन्यात परत आलं. माझा भाऊ ह्या काळात मोठा झाला, त्याची खेळायची चांगली वर्षं अशी गेली की उद्या गेम असेल का हेच माहीत नाही. सरकारची सुरक्षेची कारणं असतील, त्यात मी पडत नाही. पण त्या दहा महिन्यांत मोठ्या टीमनी मोठ्या खेळाडूंना सांभाळलं, अन् खालच्या टीमना एक मेलसुद्धा आला नाही. आमचा जुना सपोर्ट प्लेअर तेव्हाच सुरतला कामाला गेला, तो परत आला नाही. मॅचमध्ये त्याच्यासारखी स्मोक (लपायला धुराचा बाँब) टाकणारा मी अजून बघितला नाही, अगदी तुमच्या वरच्या टीममध्येसुद्धा.

मुलींबद्दल थोडक्यात सांगते. व्हॉइस चॅट चालू केला की पहिल्या मिनिटाला जे ऐकावं लागतं त्यानं आमच्याकडच्या मुली माइक बंद ठेवून खेळतात, अन् माइक बंद ठेवून स्क्वॉडमध्ये कोणी घेत नाही. रिपोर्टचं बटण आहे, पुढं काही होत नाही. महिला दिनाला एक शोमॅच अन् गुलाबी पोस्टर, एवढ्यानं मुली येणार नाहीत.

राज्य सरकारला वेगळं सांगायचंय. केंद्रानं डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्स क्रीडा मंत्रालयाकडे दिलं. २०२५ ला बिहारच्या खेलो इंडिया युथ गेम्समध्ये प्रदर्शनाचा खेळ म्हणून ते आलं. शेजारच्या मध्य प्रदेशानं ज्युनियर ई-स्पोर्ट्सची स्पर्धा भरवली, बऱ्हाणपूर आमच्या रावेरपासून हाकेच्या अंतरावर, म्हणजे आमच्या सीमेपलीकडच्या पोराला सरकारी स्पर्धा दिसली. आपल्या मंत्रिमंडळानंही सप्टेंबर २०२५ मध्ये अ‍ॅनिमेशन-गेमिंगचं ३२६८ कोटींचं धोरण मंजूर केलं, त्याचं मनापासून स्वागत. पण आम्ही एका सरकारी क्रीडा कार्यालयात अर्ज घेऊन गेलो तर समोरच्या साहेबांनी विचारलं हा मैदानी आहे का, नाही म्हटलं तर म्हणाले मग आमच्याकडे कॉलम नाही. अर्जावर आवक नंबरसुद्धा पडला नाही. कॅरम अन् बुद्धिबळाला तुम्ही मैदान विचारत नाही, ते बरोबरच आहे. आमच्यासाठीही कॉलम काढा.

आमचं मागणं साधं आहे. जाहीर केलेलं क्वालिफायर खान्देशात घ्या, ह्या सीझनला नसेल जमत तर पुढच्या सीझनची तारीख अन् जागा आत्ता लेखी सांगा, अन् जिथं तुम्ही स्वतः जागा बदलली तिथं खेळाडूंचं येणंजाणं-राहणं तुम्ही द्या. बक्षिसाची रक्कम स्पर्धा सुरू व्हायच्या आधी वेगळ्या खात्यात ठेवा, फायनलनंतर साठ दिवसांत थेट खेळाडूच्या खात्यात टाका, टीडीएस कापला तर त्याचं सर्टिफिकेट वेळेत द्या. थकलेल्या बक्षिसांची यादी जाहीर करा, कोणत्या स्पर्धेचे किती अन् कधी देणार. करार मराठीत द्या, पालकाची सही घ्या, सही करायला निदान पंधरा दिवस द्या, अन् १८ च्या आतल्या पोरावर बायआउट लावूच नका. पब्लिशरनी अट घालावी की ज्या आयोजकानं अन् टीमनं पैसे थकवलेत त्याला पुढच्या स्पर्धेचं लायसन्स किंवा स्लॉट नाही. हे तुमच्या हातात आहे, तुमच्या परवानगीशिवाय एकही मोठी स्पर्धा होत नाही. मे महिन्यातल्या मॅच संध्याकाळी सातनंतर ठेवा अन् मॅचच्या पहिल्या पाच मिनिटांत लाइट गेल्याचा पुरावा दिला तर ती मॅच परत घ्या. चॅटमध्ये शिवीगाळ करणाऱ्याचा आयडी स्पर्धेतून बाहेर काढा अन् काढला हे तक्रार करणारीला कळवा. क्रीडा विभागानं जिल्हा स्पर्धांच्या यादीत ई-स्पोर्ट्स घ्यावं, अन् पैसे लावायचे गेम कोणते, ई-स्पोर्ट्स कोणतं, हे एका पानावर साध्या मराठीत छापून शाळांना अन् पोलीस ठाण्यांना पाठवावं.

एक गोष्ट मागण्यांत नाही पण सांगते. गणपतीत आम्ही मंडपात प्रोजेक्टर लावून तालुक्याच्या टीमची मॅच दाखवली. कॉमेंट्री भावाच्या मित्रानं अहिराणीत, आमच्या खान्देशी बोलीत, केली, "तठे शे, तठे शे, घरना मांगे शे!" (तिथं आहे, घराच्या मागं आहे) करत. आजीबाया उठायला तयार नव्हत्या. तुम्ही ज्या प्रेक्षकासाठी एवढा जाहिरातीवर खर्च करता तो असा समोर बसलेला होता, अन् त्या मंडपाला खर्च फक्त चहाचा आला.

हे पत्र मी संबंधित आयोजकाला, पब्लिशरला अन् क्रीडा विभागाला मेलनंही पाठवलंय, सोबत थकलेल्या बक्षिसाचे मेल, रूलबुकचं पान अन् तो करार जोडलाय, खेळाडूंची नावं झाकून. पुढच्या सीझनचं रजिस्ट्रेशन उघडायच्या आत लेखी उत्तर द्या. तोवर आमची टीम सराव बंद करणार नाही, पण ज्या स्पर्धेचा बक्षिसाचा पैसा आधी जमा नाही तिथं आम्ही फॉर्म भरणार नाही, अन् जळगाव, धुळे, नंदुरबारच्या ज्या ज्या टीमशी बोलले त्यांनाही मी हेच सांगितलंय. तुमच्या टीमचे पैसे थकले असतील तर खाली स्पर्धेचं नाव अन् महिना तेवढा लिहा, मी यादी करतेय.

आपली,
एका बीजीएमआय टीमची मॅनेजर, अमळनेर, जि. जळगाव